कुठल्या छातीनं?

तुमची आत्या कशानं गेली?

नुसतं माझ्या तोंडाकडे बघू नका, उत्तर द्या. आईच्या दुखण्याबद्दल विचारलं तर तुम्ही तासभर बोलाल. आजीचं सांगाल, मावशीचं सांगाल, डॉक्टर कसा उद्धट होता तेही सांगाल. पण बापाची बहीण? "वय झालं होतं." "मनाला लावून घेतलं तिनं." "छातीचं काहीतरी होतं म्हणे." संपली आत्या.

मेक्सिकोतल्या आमच्या चोलुला गावात बायकांनी मरायची कारणं तीनच: राग, धसका आणि छाती. रागानं मेली म्हटलं की लोक नवऱ्याकडे बघतात. धसक्यानं मेली म्हटलं की सासूकडे बघतात. छातीनं मेली म्हटलं की कुणीच कुणाकडे बघत नाही, सगळे आभाळाकडे बघतात. म्हणून इज्जतदार घरांतल्या बायका छातीनंच मरतात.

ज्या बाईची गोष्ट सांगतेय ती मेलेली नाही, आणि हे छापून आल्यावर ती मला भेटायला येणार आहे, हातात कानस घेऊन. पेत्रोनिला तोश्की कोयोत्ल तिचं नाव. आम्ही निला म्हणतो. तिच्या मुलीची, यादिराची, मी बाप्तिस्म्यातली धर्ममाता. म्हणून निला माझी कोमाद्रे. कोमाद्रेचं नातं रक्ताहून पक्कं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणारे कधी हॉस्पिटलच्या दारात उभे राहिलेले नसतात.

बाजारात माझा रसाचा गाळा, आणि समोर निलाचं दुकान. पाटीवर लिहिलंय: "बाळ येशूंचं हॉस्पिटल". आमच्या प्रत्येक घरात प्लास्टरचा बाळ येशू असतो. वर्षभर त्याला कोण ना कोण धक्का देतं, मांजर पाडतं, नातू उचलतो, आणि दोन फेब्रुवारीला तर त्याला नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं असतं, सगळ्या बोटांसकट. म्हणून जानेवारीत निलाकडे ही रांग. बायका त्याला शालीत गुंडाळून आणतात. निला पांढरा कोट घालून बसलेली, खिशावर जांभळ्या दोऱ्यानं "डॉ. निला". ती शाल बाजूला करते, हळहळते, म्हणते, "आणखी उशीर केला असता तर हात गेला असता हो." बायका खरोखर घाबरतात. परत देताना सूचना: "ऑपरेशन छान झालंय. आठवडाभर अंघोळ नको."

ह्याच कोटात ती एकदा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेली, तर पहारेकऱ्यानं उठून दार उघडलं. ती रांग टाळून थेट आत. तेव्हापासून ती कधी साध्या कपड्यांत तिकडे गेली नाही. जावं तर बरंच लागलं. एका छातीत गाठ निघाली तेव्हा ती म्हणाली, "देवाची मर्जी." काही वर्षांनी दुसऱ्या छातीत निघाली तेव्हा म्हणाली, "देवाला मोजता येत नाही वाटतं. ह्या खात्यात एक घेतलीय त्यानं आधीच."

दोन्ही बाजूंना, आणि तेही तरुणपणी, म्हणून तिला वंशातले दोष तपासणाऱ्या डॉक्टर फाबियानकडे पाठवलं. पोरगेला माणूस, बोलताना कान लाल होणारा. त्यानं रक्त घेतलं, तपासणीला पाठवलं, आणि कागद आला: दोष आढळला नाही. निलानं तो कागद चौकटीत बसवला आणि दुकानात टांगला, बोटं नसलेल्या बाळ येशूंच्या वरती. गिऱ्हाइकांना सांगायची, "बघा, माझ्यात काही खोट नाही. सरकारनं लिहून दिलंय."

मी म्हणाले, "कोमाद्रे, दोन छात्या गेल्या तुझ्या, आणि कागद म्हणतो खोट नाही. मग काय मांजरानं पाडल्या?"

"तुला प्रत्येक कागदात भांडण दिसतं."

"असतं म्हणून दिसतं."

मला संशय का आला ते सांगते. मी बायकांचा एक गट चालवते. कॅन्सर झालेल्या, होऊन गेलेल्या, होईल म्हणून भ्यालेल्या. त्यातल्या एकीचा पहिला कागद असाच साफ होता. नंतर दुसऱ्या प्रकारानं तपासलं तर निघालं की एका जनुकाचा आख्खा मोठा तुकडाच गायब आहे. हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालणारं. तेच तुटकं असेल तर गाडा उताराला लागलाच. आणि माझ्या डोळ्यांसमोर निला नव्हती, यादिरा होती. तिशीतली, मोटरसायकली दुरुस्त करते, आईसारखीच तोंडाळ. आईत तुकडा गायब असेल तर पोरीत असायची शक्यता निम्मी. आईचा साफ कागद दाखवून पोरीला घरी पाठवलं होतं त्यांनी: "तुम्हाला काळजीचं कारण नाही."

मी डॉक्टर फाबियानच्या खोलीत शिरले. माझं नाव सोलेदाद, सगळे चोले म्हणतात, आणि आमच्याकडे "पुरे झालं आता!" म्हणायचं असेल तरी "चोले" असंच ओरडतात. डॉक्टर मला बघून "चोले" म्हणाला. कुठल्या अर्थानं ते मी विचारलं नाही.

"तुम्ही निलाचं जनुक वाचलंत की मोजलंत?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. पण प्रश्न त्याला आवडला असावा, कारण त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, "वाचलं. बाई, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. समजा, दोन बायका एकाच सुरात जपमाळेची प्रार्थना म्हणतायत, आणि एकीच्या पोथीतली मधली पानं फाटलीयत. तिथं आल्यावर ती गप्प बसते, दुसरी म्हणत राहते. बाहेरून ऐकणाऱ्याला प्रार्थना पूर्णच ऐकू येते."

"म्हणजे तुमचं मशीन बाहेर उभं राहून ऐकतं."

"ते मशीन ऐकतं. आवाज किती जणींचा आहे ते मोजायची तपासणी वेगळी."

"मग ती करा की!"

"दोन गाठींवर पहिली तपासणी मिळाली. मोजायच्या तपासणीला घरात हाच आजार झालेलं आणखी कुणीतरी रक्ताचं लागतं. तसा नियम आहे. आणि हे घर बघा, किती ठणठणीत!"

त्यानं निलाच्या घराण्याचं चित्र माझ्यासमोर सरकवलं. गोल म्हणजे बायका, चौकोन म्हणजे पुरुष. वडील: नव्वदी पार, मेस्कालची दारू पीत पीत गेले. आई: झोपेत गेली. आणि निलाच्या गोलाशेजारी दुसरा गोल: थोरली बहीण, इसाउरा तोश्की कोयोत्ल, प्रकृती उत्तम.

मी खुर्चीवरून उठले ते पुन्हा बसलेच नाही. इसाउरा निलाची बहीण नाही. इसाउरा निलाची आई.

आता ह्यात डॉक्टरची चूक काय? आमच्याकडे माणसाला दोन आडनावं: पहिलं बापाचं, दुसरं आईचं. बापानं पोर आपलं म्हटलं नाही, तर पोराला आईचीच दोन्ही आडनावं मिळतात, आणि कागदावर आई-लेक बहिणी दिसतात. ज्यांना लपवायचं असतं ते लपवतात, आजी-आजोबा नातीला लेक म्हणून वाढवतात, आणि गाव सौजन्यानं विसरतं. डॉक्टरनं दोन सारखी नावं बघितली, विचारलं, "ही थोरली बहीण का?" आणि शेजारी बसलेली इसाउरा, वय सत्तर, कानात सोन्याचे डूल, मान हलवून म्हणाली, "हो, फार लाडकी माझी." निला म्हणाली, "हो ना." एका जन्माचं खोटं त्यांनी हॉस्पिटलात पण नेलं, घरचा डबा न्यावा तसं.

डॉक्टरला भेटायच्या आधीच्याच आठवड्यात मी त्या हॉस्पिटलासमोर भोंगा लावून "आमची जनुकं मोजा" अशी घोषणा दिली होती. घोषणा बरोबर होती. फक्त पत्ता चुकला होता. भोंगा निलाच्या दुकानाकडे वळवायला हवा होता.

"तू डॉक्टरला आपला बाप खोटा सांगितलास?" मी दुकानात जाऊन विचारलं. ती एका बाळ येशूची करंगळी बसवत होती.

"मला बाप नाही."

"बाप नसेल. पण तुझ्यातलं अर्धं सामान त्याचं आहे."

"हळू बोल, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. काय हो मावशी, निला कुणाची?"

गिऱ्हाईक म्हातारी शाल सावरत म्हणाली, "सार्मिएन्तोंची. पण मी काही बोललेले नाही."

सार्मिएन्तो म्हणजे आमच्या गावात शवपेट्या विकणारं, अंत्यविधी करणारं घराणं. तीन पिढ्या त्यांनी सगळ्या गावाला पुरलंय, त्यामुळे त्यांच्याशी कुणी वैर घेत नाही. एर्मिलो सार्मिएन्तोनं इसाउराला पोर दिलं, आणि मग रस्त्यात दिसली की टोपीही काढली नाही. तो गेला. धंदा आता त्याची लेक अमालिया बघते. काळे कपडे, ताठ मान, गावातल्या प्रत्येकाच्या उंचीचा अंदाज नजरेनं घेणारी.

"त्या घरात किती आत्या मेल्या?" मी निलाला विचारलं.

"तिघी. छातीनं."

प्लास्टरची करंगळी तिच्या बोटांत तशीच राहिली.

"त्यानं मला नाव दिलं नाही," ती म्हणाली. "आता तू म्हणतेस भोक दिलं."

"मी म्हणत नाही. विचारून ये म्हणतेय. स्वतःसाठी नको जाऊस. यादिरासाठी जा."

शवपेट्यांच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा अमालियानं आधी निलाकडे पाहिलं, मग पांढऱ्या कोटाकडे, मग म्हणाली, "कुणासाठी? काय मापाची?"

"पेटी नको, अमालियाबाई," निला म्हणाली. "तुमच्या आत्या कशानं गेल्या ते विचारायला आले."

"छातीनं. आमच्या घराण्यात काळजं नाजूक. का?"

"कुठल्या छातीनं? आतल्या की बाहेरच्या?"

अमालियाचा हात टेबलावरून उठला आणि ब्लाउजच्या काठापाशी येऊन थबकला. लगेच तिनं तो खाली घेतला, पण निलानं पाहिलं, मी पाहिलं, आणि तिनं आम्हाला पाहताना पाहिलं.

"माझ्या बापाला तीन मुलं झाली," अमालिया म्हणाली. "चौथं नाही. बाहेर जा."

"दुकान नको मला तुमचं," निला म्हणाली. "मेल्यावर येईन तेव्हा बघा काय द्यायचं ते."

"तेव्हाही रांगेतच."

बाहेर आल्यावर निला थेट तिच्या दुकानात गेली. मग चौकटीतला कागद खाली उतरवला, उलटा करून भिंतीला टेकवला. मी टोमणा तयार ठेवला होता, तो गिळला.

जानेवारी आला. रांग लागली. एक दिवस रांगेत अमालिया. गावात तिला रांगेत कुणी पाहिलं नव्हतं. लोक तिला पुढं जायला वाट देत होते, ती घेत नव्हती. सार्मिएन्तोंचा बाळ येशू दरवर्षी मोलकरणीच्या हातून यायचा, यंदा मालकीण स्वतः. तिची पाळी आली. निलानं शाल बाजूला केली, उलटसुलट पाहिला.

"ह्याला काय झालंय? दहाही बोटं शाबूत आहेत."

"तपासून घ्यावा म्हटलं."

"धडधाकट आहे."

"तसाच दिसतो," अमालिया म्हणाली. आणि रांगेतल्या बायकांकडे पाठ करून, आवाज दाबून: "माझं पित्ताशय काढलं नव्हतं. सगळ्यांना तसं सांगितलं. राजधानीत जाऊन आले. डावी बाजू. तिकडंही रक्त तपासलं, कागद साफ आला. मला दोन मुली आहेत."

निलानं बाळ येशूला परत शालीत गुंडाळलं, सावकाश, जणू खरंच थंडी वाजत होती त्याला. "वाचलं की मोजलं?"

"काय?"

"तुमच्या राजधानीनं. वाचलं की मोजलं?"

अमालियाला त्यातलं काही कळलं नाही. पहिल्यांदा आमच्यापैकी कुणाला तरी तिच्याहून जास्त ठाऊक होतं, आणि निलानं ते चांगलं चघळून चघळून उपभोगलं, मग समजावून सांगितलं.

डॉक्टर फाबियानकडे अमालिया काळा चष्मा लावून आली. त्यानं विचारलं, "पेशंटशी तुमचं नातं?"

"शेजारीण."

"बाई, शेजारणीचा आजार नियमात बसत नाही. रक्ताचं नातं लागतं."

अमालियानं बाही वर केली. "रक्त घ्या. नातं तुम्हीच शोधा."

तपासणी झाली, ह्या वेळी मोजून. दोघींच्यात एकाच प्रतीतला एकच तुकडा गायब. जिथून सुटलाय ती जागा तीच, जिथं संपलाय तीही तीच. डॉक्टर आनंदानं सांगत सुटला. त्याचा आनंद हा असा, माणूस बरा आहे पण वेळ कळत नाही. मी निलाच्या खांद्यावर हात टाकला आणि अमालियाकडे पाहिलं. आता बोल म्हटलं मनात.

पण डॉक्टर पुढं म्हणाला, "अर्थात, यावरून तुम्ही बहिणी आहात असं सिद्ध होत नाही हं. हाच तुकडा, अगदी असाच कापलेला, आमच्या भागातल्या कितीतरी घरांत सापडतो. शेकडो वर्षांपूर्वी कुणा एका माणसात तो पडला, आणि त्याची लेकरं खोऱ्याभर पसरली."

अमालियानं चष्मा काढून पुसला. इतकी प्रसन्न मी तिला अंत्ययात्रेतही पाहिली नव्हती. "म्हणजे आम्ही गाववाल्या. एवढंच."

"एवढंच कसं?" निला म्हणाली. "म्हणजे सगळं खोरंच सार्मिएन्तो निघालं. तुमच्या बापानं एकट्यानं नाही, त्याच्या खापरपणज्यानंही टोपी काढली नव्हती."

डॉक्टरचे कान पेटले. अमालिया हसली नाही, पण खोकली, आणि तो खोकला छातीचा नव्हता.

मग मुलींची रक्तं गेली. अमालियाच्या दोघी आणि यादिरा. अमालियाच्या दोन्ही मुलींच्यात दोन्ही प्रती पुऱ्या. यादिरात तुकडा गायब.

निलानं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "बघ कोमाद्रे. इतकी वर्षं सार्मिएन्तो म्हणत होते वाटा देणार नाही. अख्खा वारसा माझ्याच पोरीला." आम्ही कुणीच हसलो नाही. ती उठून दुकानात गेली, पडदा ओढला, आणि आतून कानशीचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बाळ येशूच्या हाताला फार बारीक बोटं निघाली. परत करावी लागली.

यादिरानं आईसारखा विनोद केला नाही. तिनं डॉक्टरला विचारलं, "नुसतं तपासत राहिलं तर काय, आणि काढून टाकलं तर काय?" त्यानं दोन्ही सांगितलं, न सजवता. ती म्हणाली, "इंजिनात खडखड होईपर्यंत थांबणारी गिऱ्हाइकं मला आवडत नाहीत." आणि ऑपरेशनची तारीख घेतली. गाठ अजून नव्हती. वेळ होता. आत्यांना जो मिळाला नाही, आईला मिळाला नाही, तो वेळ.

ऑपरेशनच्या दिवशी दारात नवा पहारेकरी, नियमाचा पक्का. आत पेशंटबरोबर आई, आणि आणखी एक रक्ताची. निला कोटात होती, तिला बघून तो उभाच राहिला. मी म्हणाले, "मी धर्ममाता."

"रक्ताचं नातं?"

"अरे बाबा, आमच्याकडे धर्ममाता म्हणजे..."

"रक्ताचं?"

मी भांडले. भोंगा नव्हता, तरी भांडले. तेवढ्यात मागून काळे कपडे, हातात तिळाच्या सेमिता पावांची पिशवी, कुणाला धक्का न लावता सरकत सरकत पुढं.

"तुमचं नातं?" पहारेकऱ्यानं विचारलं.

अमालियानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत नजरेनं मापलं, सवयीनं. "मावशी," ती म्हणाली. "आईची बहीण."

त्यानं मान वर न करता आत सोडलं.

मी, जिनं ही सगळी मोजणी उभी केली, ती संध्याकाळपर्यंत फुटपाथवर. ऑपरेशन नीट झाल्याचं मला अमालियाकडून कळलं. ती बाहेर येऊन पिशवीतला शेवटचा पाव माझ्या हातात देत म्हणाली, "आत जायला मिळावं म्हणून खोटं बोलले हं मी. गावात काही पसरवू नका."

मी निलाला सांगितलं तेव्हा ती यादिराच्या खाटेशी बसून कोटाचं बटण शिवत होती. म्हणाली, "सार्मिएन्तोंचं नशीबच फुटकं. जन्मात एकदा खोटं बोलायला गेले, तेही खरं निघालं."

चौकटीत आता नवा कागद आहे, "तुकडा गायब" असं लिहिलेला. गिऱ्हाइकांनी विचारलं की निला सांगते, "वडिलांकडची आठवण." अमालियाचा बाळ येशू अजून दरवर्षी येतो, धडधाकट, तपासायला. ती रांगेत उभी राहते. निला तिला रांगेत उभी राहू देते.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या हातात कुठला साफ कागद असेल तर डॉक्टरला विचारा, वाचलं की मोजलं. पण त्याच्याही आधी, आज, हे मिटवून ठेवल्यावर लगेच, बापाच्या बाजूचं जे सगळ्यात म्हातारं माणूस जिवंत असेल त्याच्याकडे जा. बापानं तुम्हाला नाव दिलं असो वा नसो, जा. बसा त्याच्याजवळ, आत्या कशानं गेली ते विचारा. तो "छातीनं" म्हणाला तर मान हलवून उठू नका. कुठल्या छातीनं, तेवढं विचारूनच उठा.